सॉफ्टवेअर उत्पादनमालिकांची चाचणी

सॉफ्टवेअर उत्पादनमालिकांची चाचणी म्हणजे एकाच समान गाभ्यापासून तयार केलेली, पण काही गुणविशेषांत एकमेकांहून भिन्न असलेली सॉफ्टवेअर उत्पादने तपासण्याची प्रक्रिया होय. एकट्या उत्पादनाची चाचणी करताना ते उत्पादन अपेक्षेप्रमाणे चालते की नाही, एवढाच प्रश्न असतो. मालिकेच्या बाबतीत त्यात आणखी दोन प्रश्नांची भर पडते. समान भाग एकदाच तपासला तर पुरेसे आहे का, आणि मालिकेतून निर्माण होऊ शकणाऱ्या असंख्य उत्पादनांपैकी नेमकी कोणती तपासायची? या दोन प्रश्नांना दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांतून चाचणीची निरनिराळी धोरणे निर्माण झाली आहेत. धोरण बदलले की एकूण खर्च बदलतोच. शिवाय तो कधी, कोणी आणि किती वेळा करायचा हेही बदलते. म्हणून एखाद्या धोरणाचे मूल्यमापन करताना वाचलेल्या श्रमांबरोबर पुढे ढकललेल्या जोखमीचाही हिशेब मांडावा लागतो.

पार्श्वभूमी

परस्परांशी साम्य असलेल्या संगणक-आज्ञावल्यांचा एक कुटुंब म्हणून विचार करावा, ही कल्पना डेव्हिड पार्नास यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडली. सभासदांमधील साम्ये आधी अभ्यासून मग त्यांच्यातील फरकांकडे वळणे जेथे फायद्याचे ठरते, असा समूह म्हणजे आज्ञावल्यांचे कुटुंब, अशी त्यांची भूमिका होती. १९९० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणविशेषांच्या आधारे क्षेत्राचे विश्लेषण करण्याची पद्धत सादर केली. कोणते गुणविशेष अनिवार्य, कोणते ऐच्छिक, कोणते परस्परांना पूरक आणि कोणते परस्परविरोधी, हे वृक्षाकार आकृतीने दाखविण्याची प्रथा तेथून रूढ झाली. या आकृतीला गुणविशेष-प्रतिमान म्हणतात. स्वीडनमधील सेल्सिअसटेक या कंपनीने युद्धनौकांवरील नियंत्रणप्रणालींसाठी उत्पादनमालिकेची पद्धत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच स्वीकारली होती. पुढे मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर, मोटारींची व इंजिनांची नियंत्रणप्रणाली अशा अनेक क्षेत्रांत ती पसरली.

उत्पादनमालिकेचे काम दोन पातळ्यांवर चालते. पहिल्या पातळीवर सर्व उत्पादनांना उपयोगी पडतील असे सामायिक घटक तयार केले जातात. तिला क्षेत्र-अभियांत्रिकी म्हणतात. दुसऱ्या पातळीवर या सामायिक घटकांतून हवे ते निवडून आणि आवश्यक तेवढी विशेष भर घालून प्रत्यक्ष ग्राहकाला द्यावयाचे उत्पादन सिद्ध केले जाते. तिला उपयोजन-अभियांत्रिकी म्हणतात. चाचणीची जबाबदारी या दोन पातळ्यांत कशी वाटून द्यायची, हा धोरणाचा पहिला प्रश्न असतो.

संख्येचा प्रश्न

समजा, शाळांच्या कार्यालयीन कामकाजासाठी एक सॉफ्टवेअर मालिका आहे. शुल्क-आकारणी, ग्रंथालय, बसव्यवस्था, पालकांना संदेश, ऑनलाइन भरणा असे तिचे १० ऐच्छिक गुणविशेष आहेत आणि प्रत्येक शाळा त्यांपैकी हवे ते निवडू शकते. प्रत्येक गुणविशेष असणे किंवा नसणे अशा दोनच शक्यता धरल्या, तरी एकूण १,०२४ वेगवेगळे पर्यायसंच तयार होतात. पर्यायसंच म्हणजे कोणते गुणविशेष घेतले आणि कोणते वगळले, याची पूर्ण यादी. गुणविशेष २० झाले की ही संख्या १०,४८,५७६ होते. प्रत्येक पर्यायसंच तपासण्यास १० मिनिटे लागली, तर एका यंत्रावर अखंड काम करूनही सुमारे २० वर्षे लागतील. गुणविशेष ३३ असतील तर संख्या ८५८ कोटींच्या पुढे, म्हणजे पृथ्वीच्या आजच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त होते.

प्रत्यक्षात गुणविशेष इतके स्वतंत्र नसतात. ऑनलाइन भरणा हवा असेल तर शुल्क-आकारणी असलीच पाहिजे, अशा अटींमुळे अनेक पर्यायसंच बाद ठरतात. तरीही उरलेली संख्या बहुधा आवाक्याबाहेरचीच असते.

केवळ संख्या मोठी असणे ही मात्र खरी अडचण नव्हे. प्रत्येक गुणविशेष स्वतंत्रपणे निर्दोष असूनही दोन गुणविशेष एकत्र आल्यावर दोष उद्भवू शकतो. याला गुणविशेषांची आंतरक्रिया म्हणतात. वरील उदाहरणात शुल्क-सवलतीचा घटक बरोबर चालेल, हप्त्यांचा घटकही बरोबर चालेल; परंतु दोन्ही घेतलेल्या शाळेत सवलत एकदाच लागू होण्याऐवजी प्रत्येक हप्त्याला लागू होईल. असा दोष दोन्ही घटकांच्या सुट्या चाचणीत सापडत नाही. तो त्या जोडीतच राहतो आणि ती जोडी निवडणाऱ्या पहिल्या शाळेला भोवतो.

प्रमुख धोरणे

क्लाउस पोल, गुंटर बोक्ले आणि फ्रँक व्हान डर लिंडेन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्पादनमालिकेच्या चाचणीच्या धोरणांचे चार प्रकार सांगितले आहेत.

सर्वंकष धोरण

या धोरणात सर्व संभाव्य पर्यायसंचांची चाचणी क्षेत्र-अभियांत्रिकीच्या पातळीवरच केली जाते. ग्राहकाने कोणताही पर्यायसंच निवडला तरी तो आधीच तपासलेला असतो, हा त्याचा लाभ. खर्च मात्र घातांकी गतीने वाढतो. कधीही कोणी मागणार नाही अशा उत्पादनांवरही श्रम खर्च होतात. त्यामुळे अगदी लहान मालिका किंवा चाचणी पूर्णपणे स्वयंचलित असलेल्या मालिका वगळता हे धोरण व्यवहार्य मानले जात नाही.

केवळ उत्पादनस्तरीय धोरण

या धोरणात सामायिक घटकांची वेगळी चाचणी होत नाही. प्रत्येक उत्पादन तयार झाल्यावर ते स्वतंत्र उत्पादन समजून तपासले जाते. सुरुवातीची गुंतवणूक जवळजवळ शून्य असते. मागणी असलेल्याच उत्पादनांवर खर्च होतो आणि प्रत्येक उत्पादन त्याच्या प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत तपासले जाते. तोटा असा की सामायिक भागाची तीच तपासणी प्रत्येक उत्पादनासाठी पुन्हा करावी लागते. शिवाय सामायिक घटकातील दोष फार उशिरा सापडतो आणि सापडेपर्यंत तो आधीच्या ग्राहकांपर्यंत पोहोचलेला असतो. मालिका वापरूनही चाचणीत मालिकेचा कोणताच फायदा न घेणारे धोरण, असे याचे वर्णन करता येईल.

नमुना-उत्पादन धोरण

येथे क्षेत्र-अभियांत्रिकीच्या पातळीवर एक किंवा काही नमुना-उत्पादने तयार करून सामायिक घटकांची चाचणी त्यांच्या आधारे केली जाते. पुढे प्रत्येक प्रत्यक्ष उत्पादनाची वेगळी चाचणीही होते. सामायिक घटक कोणत्या तरी संपूर्ण उत्पादनात चालताना पाहता येतात, त्यामुळे दोष लवकर उघडकीस येतात. नमुना तयार करण्याचा खर्च अधिकचा असतो. तो नमुना पुढे विकता आला नाही तर ती गुंतवणूक केवळ चाचणीसाठीच झाली असे होते. नमुन्यात न आलेल्या जोड्या अर्थातच तपासल्या जात नाहीत.

समानता व पुनर्वापर धोरण

या धोरणात समान भागाची चाचणी क्षेत्र-अभियांत्रिकीत शक्य तितकी पूर्ण केली जाते. भिन्न भागांसाठी टेस्ट केसही भिन्नतेच्या जागा मोकळ्या ठेवूनच लिहिल्या जातात. प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेळी त्या जागा भरून त्याच टेस्ट केस पुन्हा वापरता येतात. पुनरावृत्ती टळते, दोष लवकर सापडतात आणि एका उत्पादनासाठी घेतलेले श्रम दुसऱ्याला उपयोगी पडतात. मात्र अशा टेस्ट केस लिहिणे अवघड आणि खर्चिक असते. कोणती टेस्ट केस कोणत्या गुणविशेषाशी संबंधित आहे, याची नोंद सतत अद्ययावत ठेवावी लागते. ती नोंद मागे पडली की पुनर्वापराचा पाया खचतो.

शेवटची दोन धोरणे परस्परविरोधी नाहीत. त्यांची सांगड घालावी, अशी शिफारस वरील ग्रंथकारांनीच केली आहे. टेस्ट केस पुनर्वापरक्षम लिहाव्यात आणि ज्या चाचण्यांना संपूर्ण उत्पादनाची गरज आहे त्या काही नमुन्यांवर चालवाव्यात, असा त्याचा आशय आहे.

खर्चाचे गणित

उत्पादनमालिकेच्या अर्थकारणासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट व जर्मनीतील संशोधकांनी मिळून ‘सिंपल’ नावाचे प्रतिमान विकसित केले. त्यात खर्चाचे चार भाग केले आहेत : संस्थेला मालिकेच्या पद्धतीकडे वळविण्याचा खर्च, सामायिक घटक तयार करण्याचा खर्च, प्रत्येक उत्पादनाच्या विशेष भागाचा खर्च आणि सामायिक घटक त्या उत्पादनात वापरण्याचा खर्च. पहिले दोन खर्च मालिकेसाठी एकदा, तर उरलेले दोन प्रत्येक उत्पादनामागे करावे लागतात. हीच विभागणी चाचणीच्या खर्चालाही लागू करता येते.

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका उत्पादनातील समान भाग तपासण्यास ६० मनुष्यदिवस आणि विशेष भाग तपासण्यास २० मनुष्यदिवस लागतात. केवळ उत्पादनस्तरीय धोरणात प्रत्येक उत्पादनामागे ८० मनुष्यदिवस खर्च होतात. समानता व पुनर्वापर धोरणात सुरुवातीला समान भाग तपासण्याचे ६० आणि पुनर्वापरक्षम टेस्ट केस, नोंदी व साधने तयार करण्याचे ९० असे १५० मनुष्यदिवस लागतात. त्यानंतर प्रत्येक उत्पादनामागे विशेष भागाचे २० आणि समान भाग नव्या उत्पादनात नीट बसला की नाही हे पाहण्याचे १० असे ३० मनुष्यदिवस लागतात.

दोन उत्पादनांसाठी पहिल्या धोरणाला १६०, तर दुसऱ्याला २१० मनुष्यदिवस लागतील. म्हणजे दुसरे धोरण महाग पडेल. तीन उत्पादनांना दोन्हींचा खर्च २४० असा सारखाच होईल. दहा उत्पादनांना पहिल्याचा खर्च ८००, तर दुसऱ्याचा ४५० होईल. उत्पादनमालिकांविषयीच्या लेखनात गुंतवणुकीची भरपाई साधारणपणे तिसऱ्या उत्पादनाच्या सुमारास होते, असा अंदाज वारंवार दिला जातो. तो संपूर्ण विकासाच्या खर्चाबाबत आहे. परंतु चाचणीच्या गणिताचा आकृतिबंधही तोच आहे.

या गणितातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, पुनर्वापराचा लाभ भविष्यात किती उत्पादने येतील या अंदाजावर अवलंबून असतो. दहा उत्पादनांची अपेक्षा धरून गुंतवणूक केली आणि दोनच आली, तर धोरण तोट्याचे ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उत्पादनामागचे ते १० मनुष्यदिवस कात्री लावण्यास फार सोयीचे दिसतात. समान भाग तर आधीच तपासलेला आहे, मग तो पुन्हा का पाहायचा, असे व्यवस्थापनाला वाटू शकते. दहा उत्पादनांमागे त्यातून १०० मनुष्यदिवस वाचतातही. परंतु ते वगळले की मालिकेचे पूर्ण धोरण ‘एकदा तपासलेले सर्वत्र चालेल’ या गृहीतकावर उभे राहते.

पुनर्वापर आणि बदललेली परिस्थिती : आरियान ५

या गृहीतकाचा धोका दाखविणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अंतराळ क्षेत्रातील आहे. आरियान ४ व आरियान ५ ही युरोपीय प्रक्षेपक याने औपचारिक अर्थाने सॉफ्टवेअर उत्पादनमालिका म्हणून विकसित झाली नव्हती. मात्र त्यांतील सामायिक घटकाचा प्रश्न अगदी तोच होता.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून आरियान ५ चे पहिले उड्डाण झाले. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांतच यान मार्गावरून भरकटून नष्ट झाले. त्याबरोबर युरोपीय अंतराळ संस्थेच्या क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही नष्ट झाले. झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दोषाचे मूळ शोधले. यानाची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर आरियान ४ मधून घेतलेले होते. त्यात क्षितिजसमांतर गतीशी निगडित असलेली ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. आरियान ४ च्या मार्गात ती संख्या मर्यादेत राहत होती. आरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता आणि त्यात ही गती बरीच जास्त होती. संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्याने ती त्याच कारणाने आधीच बंद पडलेली होती. ज्या कार्यासाठी हा भाग चालू ठेवला होता, त्या कार्याचा आरियान ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगही नव्हता.

हे सॉफ्टवेअर आरियान ४ वर यशस्वी ठरलेले होते. परंतु आरियान ५ चा मार्ग देऊन ही यंत्रणा तपासली गेली नव्हती. घटक निर्दोष आहे, हे विधान नेहमी कोणत्या तरी परिस्थितीच्या संदर्भातच खरे असते, हा या घटनेचा धडा मानला जातो. उत्पादनमालिकेच्या भाषेत सांगायचे तर सामायिक घटकाच्या चाचणीबरोबर त्या चाचणीमागील गृहीतकेही नोंदविली पाहिजेत आणि नव्या उत्पादनात ती टिकतात का, हे दर वेळी पाहिले पाहिजे. आधीच्या गणितातील १० मनुष्यदिवसांचे काम हेच होय.

नमुने निवडण्याच्या पद्धती

सर्व पर्यायसंच तपासणे शक्य नसल्यास त्यांतील काही निवडावे लागतात. त्यासाठीची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे जोडी-आच्छादन. कोणतेही दोन गुणविशेष घेतले, तर त्यांच्या असण्या-नसण्याच्या चारही शक्यता निवडलेल्या नमुन्यांपैकी कोठे तरी आल्या पाहिजेत, एवढीच तिची अट असते. क, ख आणि ग असे तीन गुणविशेष असतील तर एकूण आठ पर्यायसंच होतात. त्यांपैकी पुढील चारच पुरेसे ठरतात :

१. तिन्ही नाहीत
२. क नाही, ख आहे, ग आहे
३. क आहे, ख नाही, ग आहे
४. क आहे, ख आहे, ग नाही

यांतील कोणतीही जोडी घेऊन पडताळल्यास तिच्या चारही शक्यता सापडतात. बचत गुणविशेषांच्या संख्येबरोबर झपाट्याने वाढते. १० स्वतंत्र गुणविशेषांच्या १,०२४ पर्यायसंचांऐवजी केवळ ६ नमुने सर्व जोड्यांसाठी पुरतात. तीन-तीन गुणविशेषांच्या सर्व शक्यता हव्या असतील तर १२ नमुने लागतात. गुणविशेषांमध्ये अटी असतील तर अटी न मोडणारे नमुने शोधण्यासाठी तर्कशास्त्रावर आधारित संगणकीय साधने वापरतात.

या बचतीची किंमतही वरच्या यादीतच दिसते. तिन्ही गुणविशेष एकत्र असलेला पर्यायसंच तिच्यात नाही. तिघे एकत्र आल्यावरच उद्भवणारा दोष या चार नमुन्यांतून निसटेल. म्हणजे जोडी-आच्छादन वापरणारा गट, दोष बहुधा दोनच गुणविशेषांच्या आंतरक्रियेतून येतात, अशी पैज लावत असतो. या पैजेला काही अनुभवाधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय उपकरणे, ब्राउझर, सर्व्हर इत्यादींमधील दोषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. बहुतेक दोष एक किंवा दोन घटकांमुळे उद्भवत होते आणि अभ्यासलेल्या प्रणालींत सहापेक्षा जास्त घटकांची आंतरक्रिया लागणारा दोष आढळला नाही. तरीही ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. वैद्यकीय उपकरणासाठी दोन घटकांवर थांबणे आणि छायाचित्रे सजविण्याच्या अ‍ॅपसाठी थांबणे यांत जोखमीचा मोठा फरक आहे.

याहून सोप्या पद्धतीही वापरात आहेत. एका पद्धतीत प्रत्येक वेळी एकच ऐच्छिक गुणविशेष चालू ठेवतात. दुसरीत दोनच नमुने घेतात : एकात शक्य तेवढे सर्व गुणविशेष चालू, दुसऱ्यात शक्य तेवढे सर्व बंद. तिसरी पद्धत यादृच्छिक निवडीची आहे. सी भाषेतील मुक्त स्रोत प्रकल्पांतील १३५ ज्ञात दोषांवर अशा १० पद्धती ताडून पाहणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नमुन्यांची संख्या जास्त असलेल्या पद्धतींनी अधिक दोष पकडले, हे अपेक्षितच होते. मात्र ‘जास्तीत जास्त चालू, जास्तीत जास्त बंद’ यासारखी साधी पद्धत लागलेल्या श्रमांच्या तुलनेत फार कार्यक्षम ठरली.

सर्व पर्यायसंच तपासण्याचा प्रयोग : जेहिप्स्टर

नमुन्यांतून किती दोष निसटतात, हे नेमके सांगायचे तर सर्व पर्यायसंच तपासून त्यांच्याशी तुलना करावी लागते. युरोपातील संशोधकांच्या एका गटाने जेहिप्स्टर या मुक्त स्रोत प्रणालीवर असा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष ‘एम्पिरिकल सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकातून मांडले. जेहिप्स्टर वापरकर्त्याने निवडलेल्या पर्यायांनुसार वेब-उपयोजनाचा सांगाडा तयार करून देते. डेटाबेस कोणता, बांधणीचे साधन कोणते, ओळख पटविण्याची पद्धत कोणती, अशा पर्यायांमुळे अभ्यासलेल्या आवृत्तीत २६ हजारांहून अधिक पर्यायसंच संभवत होते.

८० यंत्रांवर चार रात्री काम करून हे सर्व पर्यायसंच तपासण्यात आले. संगणकीय वेळ एकूण ४,३७६ तास, म्हणजे एका यंत्रावर १८२ दिवस लागला. ३५.७० टक्के पर्यायसंच अयशस्वी ठरले. नऊ हजारांहून अधिक अपयशांच्या मुळाशी मात्र गुणविशेषांच्या मोजक्याच आंतरक्रिया होत्या. मारियाडीबी हा डेटाबेस आणि ग्रेडल हे बांधणीचे साधन यांची जोडी ही त्यांपैकी एक. प्रकल्पाच्या विकासकांकडून नियमित चाचणीसाठी १२ ठरावीक पर्यायसंच वापरले जात होते. जोडी-आच्छादनासारख्या पद्धतींनी निवडलेले नमुने दोष शोधण्यात या १२ पेक्षा अधिक परिणामकारक ठरले. परंतु अशा नमुन्यांची संख्या प्रकल्पाला परवडणाऱ्या चाचणीच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते, असेही दिसून आले.

या प्रयोगातून खर्च-लाभाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी स्पष्ट होतो. सर्वंकष चाचणी अशक्य आहे असे गृहीत धरण्यापूर्वी पर्यायसंच मोजून पाहावेत, कारण ती क्वचित आवाक्यात असू शकते. दुसरीकडे, अपयशांची संख्या प्रचंड असूनही त्यांची कारणे थोडी असल्याने चांगल्या रीतीने निवडलेले थोडे नमुने बरेच काही सांगून जातात. नेहमीच्या सवयीने निवडलेले नमुने आणि विचारपूर्वक निवडलेले नमुने यांत मात्र मोठा फरक पडतो.

अतिविशाल मालिका : लिनक्स कर्नल

लिनक्स कर्नल हे उत्पादनमालिकांच्या अभ्यासात वारंवार घेतले जाणारे उदाहरण आहे. त्यात दहा हजारांहून अधिक पर्याय असून मोबाइल फोनपासून महासंगणकापर्यंत निरनिराळ्या यंत्रांसाठी त्यांतून वेगवेगळी रूपे सिद्ध होतात. येथे सर्वंकष चाचणीचा विचारही करता येत नाही. सर्व पर्याय शक्य तेथे चालू ठेवणारी बांधणी, शक्य तेवढे बंद ठेवणारी बांधणी आणि यादृच्छिक पर्यायांची बांधणी अशा सोयी कर्नलच्या बांधणीव्यवस्थेतच दिलेल्या आहेत. स्वयंचलित यंत्रणा नव्या बदलांवर अशा बांधण्या सतत चालवितात.

सर्व पर्याय चालू ठेवलेली बांधणी म्हणजे सर्वांत संपूर्ण चाचणी, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा आहे. काही पर्याय परस्परविरोधी असल्याने ते एकाच वेळी चालू राहू शकत नाहीत. काही ओळी तर एखादा पर्याय बंद असतानाच आज्ञावलीत समाविष्ट होतात. लिनक्समधील अशा ४२ दोषांचा तपशीलवार अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेक दोष एखादा पर्याय बंद ठेवल्यावरच प्रकट होत होते. म्हणून गुणविशेष नसतानाची चाचणीही खर्चात धरावी लागते.

इतक्या मोठ्या मालिकांसाठी आणखी एक मार्ग संशोधकांनी विकसित केला आहे. त्यात एकेक उत्पादन न तपासता सर्व पर्यायांसह संपूर्ण मूळ आज्ञावलीचे एकदाच विश्लेषण करतात. कोणत्या पर्यायांच्या कोणत्या मेळात व्याकरणाचा किंवा प्रकारांचा दोष येईल, हे त्यातून कळते. याला कुटुंबाधारित विश्लेषण म्हणतात. एकाच विश्लेषणात सर्व पर्यायसंच येतात, हा त्याचा मोठा लाभ. मात्र त्यासाठी विशेष साधने लागतात आणि आज्ञावली प्रत्यक्ष चालविल्यावरच दिसणारे अनेक दोष त्यातून सापडत नाहीत. त्यामुळे ते चाचणीला पूरक ठरते, पर्याय ठरत नाही.

धोरणाची निवड

एकच धोरण सर्व मालिकांना सरसकट लागू पडत नाही. निवड करताना साधारणपणे पुढील बाबी विचारात घेतात.

उत्पादनांची अपेक्षित संख्या : दोन-तीनच उत्पादने होणार असतील तर उत्पादनस्तरीय चाचणी स्वस्त पडते. संख्या वाढत जाणार असेल तर पुनर्वापराची गुंतवणूक फेडली जाते.

समान भागाचे प्रमाण व स्थैर्य : समान भाग मोठा आणि स्थिर असेल तर तो आधी कसून तपासण्यात लाभ आहे. तो सतत बदलत असेल तर पुनर्वापरक्षम टेस्ट केसही सतत बदलाव्या लागतात आणि त्यांच्या देखभालीचा खर्च वाढतो. समान भागात केलेला एक छोटा बदल सर्व उत्पादनांच्या पुनर्चाचणीचा प्रश्न उभा करतो. अशा वेळी कोणता बदल कोणत्या गुणविशेषांना स्पर्श करतो, याची नोंद असल्यास निवडक पुनर्चाचणी पुरते.

दोषाची किंमत : समान भागातील एक दोष सर्व उत्पादनांत जातो, म्हणून त्याची किंमत ग्राहकांच्या संख्येने गुणावी लागते. जोडीतील दोष थोड्या ग्राहकांना लागतो. परंतु ते ग्राहक रुग्णालय किंवा रेल्वे असतील तर ‘थोड्या’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

स्वयंचलनाची पातळी : चाचणी माणसांकडून करून घ्यायची असेल तर प्रत्येक नवा नमुना महाग पडतो. ती स्वयंचलित असेल तर नमुने वाढविण्याचा खर्च कमी होतो. मात्र स्वयंचलनाची व्यवस्था उभारणे हा स्वतंत्र आणि पुष्कळदा मोठा खर्च असतो.

संस्थेची रचना : सामायिक घटक तयार करणारा गट आणि उत्पादन तयार करणारे गट वेगळे असतात. दोघांचे अंदाजपत्रकही वेगळे असेल, तर समान भागाच्या चाचणीत पहिल्या गटाने केलेल्या काटकसरीचा भार दुसऱ्या गटांवर पडतो. पहिल्या गटाच्या हिशेबात ती बचत दिसते, परंतु संपूर्ण संस्थेच्या दृष्टीने तो तोटा असतो. म्हणून चाचणीचा खर्च गटागटाने न मोजता मालिकेच्या पातळीवर मोजणे आवश्यक मानले जाते.

मर्यादा

खर्च-लाभाच्या वरील मांडणीला काही मर्यादा आहेत. भविष्यात किती उत्पादने येतील, त्यांत कोणते गुणविशेष मागितले जातील आणि न सापडलेल्या दोषाची किंमत किती असेल, या तिन्ही गोष्टी अंदाजानेच धराव्या लागतात. संशोधनातील निष्कर्षही मुख्यतः मुक्त स्रोत प्रणालींवर आधारित आहेत, कारण त्यांची आज्ञावली व दोषांच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. उद्योगांतील बंदिस्त मालिकांना ते जसेच्या तसे लावताना सावधगिरी बाळगावी लागते. तसेच कोणतीही चाचणी दोष आहेत असे दाखवू शकते. दोष नाहीतच, असे सिद्ध करू शकत नाही. तपासलेल्या पर्यायसंचांबरोबरच न तपासलेले कोणते आणि ते का वगळले, याचीही नोंद ठेवल्यास पुढील उत्पादनाच्या वेळी कोणती जोखीम पत्करली जात आहे, हे निदान माहीत असते.